खाऱ्या पाण्याची पिशवी

गुहागरहून चिपळूणमार्गे कऱ्हाडला येणारी एस.टी. कुंभार्ली घाट चढू लागली की पोरे खिडकीशी भांडतात आणि मोठी माणसे डोळे मिटतात. त्या दिवाळीत मात्र सगळ्या गाडीचे लक्ष आमच्या पिशवीकडे होते. "ताई, सुकट आणलीय का?" असे कंडक्टरने दोनदा विचारले. सुकट नव्हती. मासे धरायची काठी, रीळ, तंगूस आणि गळांची डबी, एवढेच त्या पिशवीत होते. ते सगळे समुद्राच्या पाण्याने ओले होते आणि आम्ही ते तसेच वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. शेवटी ती पिशवी मागच्या बाकाखाली गेली आणि आम्ही मान खाली घालून बसलो.

आमच्या आईंचे माहेर गुहागर तालुक्यात, अगदी समुद्रकाठी. त्यांचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, मुंबईच्या गोदीत हमाली करून निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. तिकडे गळ टाकून मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात. मामांना त्याचा भारी नाद. भरतीचे पाणी खडकाला लागले की काठी घेऊन निघायचे, तांबोशी नाहीतर शिंगाळा घेऊन परतायचे. त्यांच्याकडे एक परदेशी रीळ आहे. गोदीत असताना एका बोटीवरच्या खलाशाकडून पगारातले पैसे साठवून घेतलेले. त्या दिवाळीत आमच्या थोरल्याने त्यावर एक बोईर काय धरला, मामा खूश झाले. "घेऊन जा तुमच्या कृष्णेवर. मे महिन्यात आणून द्या," म्हणाले. मामींनी त्यांच्याकडे जरा वळून पाहिले. ते पाहणे आम्हाला तेव्हा कळले नाही.

सांगलीला आलो. कुपवाडच्या एमआयडीसीतली पाळी, पोरांच्या शाळा, दळण, पाणी. पिशवी पलंगाखाली गेली ती संक्रांतीपर्यंत. एका रविवारी हरिपूरला जायचे ठरले म्हणून ती उघडली, तर गळांच्या डबीत तांबडी चिकटलेली गोळी! वापरलेले दोन गळ आम्ही न वापरलेल्या गळांबरोबर टाकले होते, त्यांनी सगळी डबी गंजवली. तंगुसावर हात फिरवला तर रेतीसारखे खरखरीत लागले. रिळाची मूठ फिरेना. अंगावर पांढरी भुकटी आलेली.

मग शहाणपण सुचले. घरात खोबरेल होते, ते चांगले दोन चमचे रिळात सोडले. मूठ जोर लावून फिरवली, कर्रर्र आवाज आला आणि अर्ध्या फेऱ्यात पुन्हा अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीने आतले खोबरेल थिजून बसले. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. वस्तू आपली असती तर गोष्ट वेगळी. मामांनी घाम गाळून घेतलेली वस्तू आम्ही तीन महिन्यांत घालवली होती, आणि मे महिना काही लांब नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक कारागीर बसतात. त्यांनी जन्मात मासा धरलेला नाही. पण रीळ उलटसुलट करून ते म्हणाले, "हे तर आपलंच काम हाय. चाकं, स्प्रिंग, बेअरिंग." कागद पसरला, एकेक स्क्रू काढून क्रमाने मांडला. आतले खोबरेल पुसून, साबणाने धुऊन त्यांनी भाग कोमट पाण्यात टाकले आणि आम्हाला चहा आणायला पाठवले. आम्ही म्हटले, पाण्यानेच तर बिघडले, पुन्हा पाण्यात कशाला? त्यावर त्यांनी विचारले, "वहिनी, आमटीत मीठ जास्त झालं तर तेल ओतता का पाणी?"

एवढी साधी गोष्ट! मीठ तेलात विरघळत नाही. वरून तेल सोडले की मीठ आतच राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळून जाते, क्षार बसून राहतात. पावसाळ्यात डब्यातले मीठ कसे पाझरते, तसे हे मीठही हवेतली ओल ओढून घेते आणि धातू सतत ओलसर ठेवते. लोखंड साध्या पाण्यानेही गंजते, पण खारट ओलीत फार लवकर. ॲल्युमिनियमवर येते ती तांबडी नव्हे, पांढरी भुकटी. आधी गोडे पाणी, मग पूर्ण वाळवणे आणि शेवटी थेंबभर तेल, असा क्रम. तेलही मशीनचे, पातळ. खोबरेल नव्हे. एक बेअरिंग गेलेच होते, ते त्यांनी कुठूनसे जुळवून दिले. मजुरी म्हणाल तर आमच्या एका दिवसाच्या हजेरीएवढी झाली. ती फार वाटली नाही.

त्यानंतरच्या रविवारी हरिपूरला गेलो. सांगलीकरांना हरिपूर सांगायला नको, पण साताऱ्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. सांगलीपासून कृष्णेच्या काठाकाठाने रस्ता जातो आणि वारणा कृष्णेला मिळते तिथे संगमेश्वराचे देऊळ व घाट आहे. हे गाव हळदीच्या पेवांसाठी नावाजलेले. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. ओल आत शिरू न देणे हीच सारी विद्या, मग ती हळदीची असो की रिळाची.

घाटाखाली एक भोई आजोबा बांबूवर जाळे टाकून बसले होते. जाळ्यातले केंदाळ आणि काटक्या ते एकेक करून वेचत होते. शेजारी त्यांची सून लाकडी सुईने फाटका भाग विणत होती. मासे पहाटेच बाजारात गेले होते, थोडी चिलापी आणि एक मरळ, असे ती म्हणाली. मासे धरायला दोन तास आणि जाळ्यामागे सगळी दुपार. या दुपारचा हिशेब कोण धरतो? पाटीभर मासळीचा भाव करताना आपण तरी धरतो का?

आजोबांना आमच्या रिळाचे फार हसू आले. म्हणाले, "आमच्या पाण्याला मीठ न्हाय, पर गाळ हाय. गाळ वाळला की दोरा कापतो." त्यांच्या वडिलांच्या वेळी जाळी सुताची असत. रोज वाळवली नाहीत तर कुजत, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवत. कोकणातही ऐनाच्या सालीने जाळी रंगवत, हे मामांकडून आम्ही ऐकले होते. नायलॉन आले आणि कुजण्याचे भय गेले. पण नायलॉन उन्हाने कमजोर होते, म्हणून आजोबा जाळे धुऊन सावलीत वाळवतात आणि उंदरांपासून लांब, आढ्याला टांगतात. मासळीच्या वासाने उंदीर जाळे कुरतडतो. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आढ्याला टांगलेले जाळेही वाहून गेले. ते कुठेतरी खाली झाडाझुडपात अडकले असेल आणि अजून मासे धरत असेल, असे ते म्हणाले. कुजत नाही ना! त्या दिवशी आमच्या गळाला काही लागले नाही, पण फाटक्या तंगुसाचा तुकडा नदीत टाकू नये एवढे पोरांना कळले. बगळ्याच्या पायाला तो गुंडाळला तर सुटत नाही.

मे महिना आला. या वेळी घरची नऊ माणसे मिळून एक वडाप जीप केली. मामांच्या हाती रीळ दिले आणि सगळे खरे सांगून टाकले. मामांनी मूठ कानाशी धरून सावकाश फिरवली. "आवाज येतोय," एवढेच म्हणाले. तो दिवस त्यांनी आम्हाला रीळ दिले नाही. डब्याला गुंडाळलेली हाताची गरी दिली. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः बोलावून, गरवून आल्यावर काय करायचे ते दाखवले.

विहिरीचे अर्धी बादली पाणी त्यांना पुरते. आधी रिळाची पुढची चकती घट्ट आवळायची, म्हणजे आत पाणी जात नाही. मग हाताने पाणी शिंपडत धुवायचे. नळीची जोराची धार मारली तर मीठ आणखी आत जाते. रीळ बादलीत बुडवायचे नाही. काठीच्या कड्या जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करायच्या. कडीला चीर गेली आहे का हे पाहायला कापसाचा बोळा आतून फिरवायचा, तंतू अडकला की समजावे की तंगूस इथेच तुटणार. तंगुसाचा टोकाकडचा दोन हात भाग खडकावर घासलेला असतो, तो कापून टाकायचा. पुसून, सावलीत वाळवून, मुठीच्या सांध्यात आणि तारेच्या कमानीवरच्या छोट्या चाकात एकेक थेंब तेल. शेवटी चकती सैल करायची. आवळून ठेवली तर आतल्या चकत्या दबून राहतात. हे शेवटचे मामा दोनदा बोलले.

आणखी एक गोष्ट मामींनी सांगितली, ती घराघरात पोचावी. शिशाचे मणी तंगुसावर बसवताना मामा पूर्वी दाताने दाबायचे. आता पक्कड वापरतात. शिसे विषारी असते आणि लहान मुलांना त्याचा अपाय अधिक होतो. पोरांच्या तोंडात शिशाचा मणी जाऊ देऊ नये आणि शिसे हाताळल्यावर हात धुवूनच भाकरीला बसावे.

निघताना मामांनी रीळ पुन्हा पिशवीत घातले, पण त्या सकाळीच आम्ही त्यावर गरवले होते आणि जीपवाला हॉर्न वाजवत होता. धुवायला वेळ नव्हता. मामा म्हणाले, "वाटेत धुवा. घाटावर पाणी तुमचंच आहे. इकडे खाडीत येतं तेही तुमचंच!"

ते खरे आहे. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला कोयना म्हणजे कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरून भिडणारी नदी. पण तिचे पुष्कळ पाणी उलट दिशेला जाते. सुमारे १०५ टीएमसीच्या शिवसागर जलाशयातून बोगद्याने ते सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीकडे उतरते, वीज तयार करते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीत जाते. एकाच धरणातले थोडे पाणी अरबी समुद्राला आणि थोडे कृष्णेबरोबर पार बंगालच्या उपसागराला! हे शाळेत शिकलो होतो, पण पिशवी मांडीवर घेऊन घाट चढताना ते पहिल्यांदा खरे वाटले.

महाबळेश्वराकडून दक्षिणेला वाहत आलेली कोयना हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते. तिथे जीप थांबवली. चहाच्या टपरीवाल्याकडे बादली मागितली. नदीत उतरून धुणे आम्ही टाळले, कारण खाली गावे ते पाणी पितात. टपरीमागे, झाडाच्या आळ्यापासून लांब बसून थोरल्याने चकती आवळली, धाकटीने ब्रश चालवला आणि आजी सावलीत बसून "कडी राहिली, ती कडी राहिली" म्हणत राहिल्या. वापरलेले गळ वेगळ्या डबीत गेले. जीपवाला आधी कुरकुरला, मग स्वतःच फडके घेऊन काठी पुसायला लागला.

कऱ्हाड सोडून आष्ट्याकडे येताना उसाच्या फडांमध्ये मधेच पांढरी पडलेली रिकामी शेते दिसतात. क्षारपड जमीन. वारेमाप पाणी दिले, निचरा झाला नाही, ऊन लागून पाणी उडाले आणि खालचे क्षार वर येऊन बसले. धाकटी म्हणाली, "आई, बघ, रिळावर आलं होतं तसंच." तिथेही उपाय तोच, चर आणि पाइप घालून निचरा करायचा आणि गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे. फक्त त्याला अर्धी बादली पुरत नाही.

घरी आल्यावर रीळ दोन दिवस वळचणीच्या सावलीत वाळले. पावसाळाभर पिशवी खुंटीला राहिली. दर अमावास्येला आजी आठवण करत, मग थोरला मूठ चार फेऱ्या फिरवून बघे. या दिवाळीत आम्ही पुन्हा गुहागरला गेलो. मामांनी ओटीवरच पिशवी उघडली, रीळ काढले, कानाशी धरले आणि डोळे मिटून मूठ फिरवली. बराच वेळ फिरवली. मग आत वळून मामींना म्हणाले, "अगं, चहा टाक. आणि भरती किती वाजता आहे ते बघ."