जहाज घ्या, माणसं तुमची!

जहाज भाड्याने मिळतं हे मला ठाऊक होतं. पण कप्तान नाही, इंजिनिअर नाही, स्वयंपाकाला भंडारी नाही, असं सबंध रिकामं जहाज कुणी वर्षानुवर्षांसाठी दुसऱ्याच्या हवाली करतं, हे कळलं आणि मला जागेवर बसवेना! याला बेअरबोट चार्टर म्हणतात. जहाज व्यवसायातल्या 'बिम्को' या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी 'बेअरकॉन' नावाचा नमुना करारच केलेला आहे. त्याचा २००१ चा मसुदा हाती आला आणि मी तो खाली ठेवूच शकले नाही.

काय काय आहे त्यात! ताबा घेताना जहाजावर उरलेलं इंधन, वंगणतेल, रंग, दोरखंड, इतकंच काय, न फोडलेला शिधासुद्धा भाडेकरूने त्या दिवशीच्या बाजारभावाने विकत घ्यायचा. जहाज परत देताना तोच व्यवहार उलटा. मधल्या काळात खलाशांचे पगार, इंधन, डागडुजी, वर्गीकरण संस्थेने जहाजाला दिलेला वर्ग टिकवणं, ठरल्या वेळी ड्राय-डॉक, हे सगळं भाडेकरूचं. विमाही साधारणपणे त्याचाच. जहाज गोदीत उभं असलं तरी भाडं चालूच. धुरांड्यावर आपलं बोधचिन्ह मात्र खुशाल रंगवावं! आणि जहाजावर ठळक जागी पाटी लावायची: हे जहाज अमक्या मालकाचं आहे, भाडेकरूला किंवा कप्तानाला त्यावर कसलाही बोजा चढवायचा अधिकार नाही.

पण मला खरं झपाटलं ते एका कलमाने. कप्तानापासून सगळे जण सर्वार्थाने भाडेकरूचे नोकर, मग त्यांना मालकाने नेमलेलं असलं तरी! या विचाराची मुळं जुनी आहेत. १८९३ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे फर्नेस नावाच्या जहाजमालकाचा खटला आला होता. मुख्य इंजिनिअर नेमायचा हक्क त्याने स्वतःकडे राखला होता. तरीही जहाजाचा ताबा भाडेकरूकडे आणि कप्तान भाडेकरूचा नोकर, म्हणून बुडालेल्या मालाची जबाबदारी मालकावर येत नाही, असा निकाल लागला. नोंदणीपुस्तकात नाव एकाचं, उत्तर देणारा दुसरा!

याच्या उलट २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं 'एव्हर गिव्हन' आठवा. त्यावरचे २५ खलाशी आपले भारतीय. कडेला भलं मोठं 'एव्हरग्रीन' लिहिलेलं, आणि मी तेव्हा भरपाई तीच कंपनी देणार असं धरून चालले होते. पण एव्हरग्रीनने जहाज टाइम चार्टरवर, म्हणजे माणसांसकट घेतलं होतं. म्हणून कालवा प्राधिकरणाने भरपाईसाठी गाठलं ते जपानी मालक शोएई किसेनला. तेच जहाज बेअरबोटवर असतं, तर ते चालवण्याचा भार भाडेकरूच्या खांद्यावर असता. कराराचा प्रकार बदलला की सगळं चित्रच पालटतं, आणि बंदरात उभं राहून पाहणाऱ्याला त्यातलं काहीही दिसत नाही!

आता तर आपल्या २०२५ च्या नव्या मर्चंट शिपिंग कायद्यात याच घराण्यातल्या एका प्रकाराला जागा मिळाली आहे. भाडं भरता भरता अखेरीस मालकी मिळेल अशा करारावर परदेशी जहाज घेतलं, तर ते तिरंग्याखाली नोंदवता येईल. जहाजाची पूर्ण किंमत एकदम उभी करू न शकणाऱ्या आपल्या कंपन्यांसाठी किती मोठी वाट उघडली आहे ही! मी आता त्या तरतुदी वाचायला घेतल्या आहेत.