माझी जुनी गाडी आणि होपचा डोंगर



नर्सिंग शिकत असतानाची माझी एक मैत्रीण अश्दोदला असते. तिला फोनवर सांगितलं की मी जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. ती म्हणाली, "अगं, पंचाहत्तरी आली, गुडघे दुखतात म्हणतेस, आणि आता जीप कसली घेतेस?" फोनवर तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. मुलांनीही वाचावे. आज ना उद्या त्यांच्यावरही जुनी गाडी निवडायची वेळ येईलच.

व्हँकुव्हर हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शहर. एका बाजूला समुद्र, उत्तरेला डोंगर, आणि दक्षिणेला फ्रेझर नदी समुद्राला मिळते. शहरात बर्फ थोडा, पाऊस मात्र फार. नवीन आले तेव्हा रात्री पाऊस लागला की मला अलिबागकडच्या आमच्या कौलारू घराची आठवण यायची. फरक एवढाच की इथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि हाडं गारठवतो.

शहरात बस आहे, स्कायट्रेन आहे, गाडीवाचून अडत नाही. पण पूर्वेला दीडशे किलोमीटर गेलं की होप नावाचं गाव लागतं. तिथे दरी अरुंद होते आणि डोंगर अगदी अंगावर येतात. त्या डोंगरांत शिरणारे बरेचसे रस्ते लाकूडतोडीसाठी केलेले आहेत. त्यांना फॉरेस्ट सर्व्हिस रोड म्हणतात. डांबर नाही, कठडा नाही. समोरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला की बाजूला व्हायचं काम आपलं.

होपच्या थोडं अलीकडे, अशाच एका रस्त्याने वर गेलं की जोन्स लेक लागतो. विजेसाठी १९५० च्या दशकात तिथे धरण बांधले. आमचे यजमान दर उन्हाळ्यात आम्हाला तिकडे नेत. त्यांचा एक लहानसा तंबूचा ट्रेलर होता. गाडीच्या मागे जोडायचा आणि मुक्कामी पोचल्यावर उघडायचा. चार वर्षांपूर्वी ते गेले. गाडी त्यांच्याइतकीच थकली होती, ती त्याच वर्षी भंगारात दिली. ट्रेलर मात्र ताडपत्रीखाली अंगणात राहिला. मुलगा म्हणाला, "आई, विकून टाकू." मी हो म्हणणारच होते, एवढ्यात अकरा वर्षांचा नातू विचारतो, "आजी, आजोबांचा तलाव मला कधी दाखवणार?"

मग काय, लागले गाडीच्या मागे! आमच्या घरात चाळीस वर्षे गाड्या यांनी निवडल्या आणि मी भाजी निवडली. सगळं धरून माझ्याकडे आठ हजार डॉलर होते. एवढ्यात नवी गाडी येत नाही.

पहिली चूक अशी केली की गाड्या आधी बघितल्या आणि ओझं नंतर. ट्रेलरच्या कागदावर ६५० किलो लिहिलं होतं. मुलाला म्हटलं, एकदा काट्यावर घालून आण. आत गाद्या, गॅसची टाकी, पाणी, भांडी, यांची अवजारं असं सगळं होतं. काट्याने ९८० दाखवले. कागदावरचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, आणि आपण रिकामा ट्रेलर घेऊन कधी जात नाही. तेव्हा आधी खरं वजन करा आणि मग गाडीच्या पुस्तकात बघा ती किती ओढू शकते. गाडी जुनी असेल तर पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावर थांबावं, असा मी माझ्यापुरता नियम केला.

दुसरा मोह डेलिकाचा. ही मित्सुबिशीची उंच, चौकोनी, जपानी गाडी. कॅनडात पंधरा वर्षांहून जुनी परदेशी गाडी आणायला परवानगी आहे, म्हणून व्हँकुव्हरमध्ये त्या पुष्कळ दिसतात. डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, आणि स्टिअरिंग मुंबईसारखं उजवीकडे! आत बसले तर इतकं घरच्यासारखं वाटलं काय सांगू. पण इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकतात. पुढच्या ट्रकच्या पलीकडे बघायचं असेल तर उजव्या खुर्चीवरून काही दिसत नाही. शेजारी नातू बसला असता तर "आता ये आजी" म्हणून त्यालाच सांगावं लागलं असतं. आठवणीखातर मुलाचा जीव धोक्यात घालायचा नाही, म्हणून ती सोडली.

तिसरी गाडी बघताच आवडली. काळीभोर, चकचकीत, भाव माझ्या आवाक्यात. विकणारा म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. मी घाईघाईने तीनशे डॉलर बयाणा देऊन बसले. नंतर खाली वाकून बघितलं तर पोटाकडची बाजूसुद्धा नवीन काळ्या रंगाने माखलेली. नर्सला अगदी नवीन बँडेज दिसलं की आधी त्याच्याखाली काय आहे ते बघावंसं वाटतं. ती गाडी मी सरे इथल्या एका पंजाबी मेकॅनिककडे नेली. त्याने लिफ्टवर चढवून मागच्या हुकाजवळ चासीला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो सरळ आत गेला. तो म्हणाला, "माँजी, ये गाडी नहीं, पापड है."

गाडीचा इतिहास काढला तर ती आधी ऑन्टारियोत होती. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ लोखंड खातं. ट्रेलरची सगळी ओढ ज्या चासीवर येणार तीच कुजलेली. चढावर हुक तुटला असता तर ९८० किलोचा ट्रेलर मागच्यांच्या अंगावर गेला असता. माझे तीनशे डॉलर गेले ते गेलेच. त्या दिवशी घरी आल्यावर ताडपत्रीकडे बघवेना. विकून टाकावा असं पुन्हा मनात आलं.

रात्री मला आमचे आजोबा आठवले. त्यांचा तेलाचा घाणा होता. आपल्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत, हे मुलांना माहीत असेलच. आजोबा बैल घ्यायला जात तेव्हा शिंगांचा रंग आणि गोंडे बघत नसत. दात बघत, खूर बघत, चार पावलं चालवून बघत. म्हणत, "रंग विकणाऱ्याचा, हाड आपलं." मी शिंगं बघत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून पेशंट तपासावा तशी गाडी तपासायला लागले.

तपासणी अशी. विकणाऱ्याला आधीच सांगायचं की इंजिन गार राहू दे, गरम करून ठेवू नकोस. गार इंजिन चालू करताना सायलेन्सरकडे बघायचं. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर थंड ठेवायचं पाणी आत शिरतंय. तेलाची पट्टी काढून बघायची. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर तिथूनच परत फिरायचं. गिअरबॉक्सचं तेल लाल असावं. काळं पडून जळका वास आला तर त्या गाडीने खूप ओझं ओढलंय. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. चारही टायर एकाच मापाचे हवेत. आणि शेवटी खाली निजून चासी बघायची. माझ्याने निजवत नाही, नातू निजला.

अशी सहावी गाडी मिळाली. टोयोटा फोररनर, १९९९ सालची, २ लाख ९० हजार किलोमीटर चाललेली. रंग उडालेला, एका दाराला पोचा. पण मालक एकच, गाडी पहिल्यापासून किनाऱ्याजवळची, आणि प्रत्येक दुरुस्तीचं बिल फायलीत लावलेलं. केसपेपर इतका नीट असला की अर्धी काळजी मिटते. या इंजिनात टायमिंग बेल्ट नावाचा पट्टा असतो, तो सुमारे दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. दोन्ही वेळचं बिल होतं. पुस्तकाप्रमाणे गाडी सुमारे २२७० किलो ओढते, म्हणजे माझे ९८० निम्म्याच्या आत. पंजाब्याने टोचून, ठोकून बघितलं आणि मान डोलावली. साडेसहा हजार डॉलरला सौदा झाला.

गाडीवर आधीच्या कुणाचं कर्ज नाही ना, ते आधी तपासून घेतलं. इथे खाजगी माणसाकडून जुनी गाडी घेतली तरी साधारण १२ टक्के कर भरावा लागतो. कर वाचवण्यासाठी किंमत कमी लिहू नये. ऑक्टोबर २०२२ पासून लिहिलेली किंमत आणि बाजारातली सरासरी, यांत जी जास्त असेल तिच्यावर कर घेतात. १४०० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्याहून जड असेल तरीही लागतात. माझ्या ट्रेलरला ब्रेक होते, ते गाडीतून चालवायचं यंत्र बसवून घेतलं. उरलेले पैसे त्यातच संपले.

ट्रेलर कसा भरायचा हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. बैलगाडीत ओझं मागे झालं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर बसतं. इथेही तसंच. वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, म्हणजे माझ्या ट्रेलरचा शंभर ते दीडशे किलो. भार कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो.

मागच्या जुलैत एका रविवारी निघालो, मी, मुलगा आणि नातू. रविवारी ओंडक्यांचे ट्रक सहसा नसतात. ॲबट्सफर्ड आणि चिलिवॅकवरून जाताना मुलाने नातवाला नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट सांगितली. तेव्हा असा पाऊस झाला की महापूर आणि दरडींनी व्हँकुव्हरहून पूर्वेला जाणारे सगळे मोठे रस्ते बंद पडले, आणि होपला शेकडो प्रवासी अडकले. म्हणून आमच्या गाडीत पाणी, कांबळी, खाऊ आणि माझी औषधांची पेटी कायम असते. चांगली गाडी असली म्हणून डोंगर आपलं ऐकतो असं नाही.

ट्रेलर आम्ही होपजवळच्या कॅम्पग्राउंडवर सोडला. ओढणं आणि चढणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही एकदम करू नयेत. मग मोकळी गाडी घेऊन जोन्स लेकचा कच्चा रस्ता धरला. सुमारे नऊ किलोमीटर, आणि चढ चांगलाच. पायथ्याशी थांबून मी गिअरशेजारची दांडी लो रेंजला टाकली. मुलांनो, यात चारही चाकांना जोर मिळतो आणि गाडी हळू पण ताकदीने चालते, पाठीवर पोतं घेतलेला हमाल लहान लहान पावलं टाकतो ना, तशी. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र हे लावायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर जात नाहीत, आणि एकमेकांशी बांधलेली असली की आतले दाते झिजतात. मातीवर चाक थोडं घसरून आपलं आपण सुटतं.

एका वळणावर खड्डा आला आणि एक चाक हवेत लोंबकळलं. माझा हात थरथरला. मुलगा म्हणाला, "आई, मी घेऊ का?" मी नको म्हटलं. पाय हलकेच दाबला, गाडी गुरगुरली आणि चढली. मागून नातू म्हणाला, "आजी, एलियाहू हनवीच्या रथाला फोर व्हील ड्राइव्ह होतं का?" अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर त्या रथाच्या खुणा दाखवतात, ते मी त्याला सांगितलेलं होतं. हसता हसता माझी भीती कुठच्या कुठे गेली.

वर पोचलो तर तलाव होता तसाच. पाण्याच्या काठी खोडाची कापलेली बुंधं, पलीकडे डोंगरावर उरलेलं बर्फ. हे बसायचे तो दगड नातवाला दाखवला. तो त्यावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मुलगाही गप्प होता. परत येताना मुलाने ट्रेलर विकायची गोष्ट काढली नाही.

घरी आल्यावर मलिदा केला. इथे ऐंशी वर्षे झाली की गाडी चालवायला डॉक्टरचा दाखला लागतो. मला अजून पाच उन्हाळे आहेत. तोवर नातू सोळाचा होईल आणि गाडी शिकायला लागेल. ही गाडी तोपर्यंत टिकली तर त्याचीच. म्हणून तिचं प्रत्येक बिल मी त्याच फायलीत लावून ठेवते आहे.