जपानला जायचंय, हे मुलांना कसं सांगायचं?

आम्ही जपानला जाणार, हे आमच्या चौथीतल्या मुलीला आम्ही सांगितलंच नव्हतं. तिला ते नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कळलं. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "मग, टोकियोला कधी निघताय?" घरी आल्यावर ती काही बोलली नाही. रात्री एवढंच म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं."

व्हिसा हातात आला की सांगू, असं आम्ही ठरवलं होतं. उगाच तिच्या जिवाला घोर नको, हा हेतू. पुण्याहून इथे आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती, कडेवर बसून आली. आता तिच्या मैत्रिणी आहेत, बसमधली ठरलेली जागा आहे.

बाहुल्यांच्या देशात

घरात विषय काढला की ती उठून जायची. म्हणून एका रविवारी बाहेर पडलो. ब्लू लाइनने मंडी हाऊस, तिथे गाडी बदलून व्हायोलेट लाइनने आयटीओ. तिथून बहादूरशाह जफर मार्गावरच्या नेहरू हाऊसमधलं शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय चालत गाठता येतं.

केरळमधून मुंबईमार्गे दिल्लीला आलेले व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांनी ते उभं केलं. हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून द्यायला त्यांना एक बाहुली दिली आणि तिथून त्यांना हा छंद लागला. 1965 साली संग्रहालय सुरू झालं. आज तिथे सुमारे 85 देशांच्या बाहुल्या आहेत.

जपानच्या कपाटापुढे ती बराच वेळ उभी राहिली. काबुकी नाटकातली पात्रं, सामुराई. मग हळूच विचारलं, "या परत नाही ना जात?"

तिच्या मनातलं तेव्हा कळलं. पासपोर्ट आला त्या दिवशी तिने त्यावरची मुदतीची तारीख वाचली होती. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचा असतो. तिला वाटलं, 5 वर्षांनी परत यायचं, असं सरकारनेच ठरवून दिलंय! ती तारीख पासपोर्टची, आपली नाही, हे बाबांनी तिथेच समजावलं. "मग आपली कोणती?" यावर "लवकरच येऊ" असं म्हणणं सोपं होतं. आम्ही म्हणालो, "अजून माहीत नाही. कळेल तेव्हा आधी तुला सांगू." ती रडली. पण त्यानंतर प्रश्न विचारू लागली.

जे माहीत आहे, ते सांगा

परतताना कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला थांबलो. तिथे कागदावर दोन रकाने केले. 'माहीत आहे' आणि 'माहीत नाही'.

पहिल्या रकान्यात बरंच भरलं. जपानमध्येही शाळेचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे आजीची संध्याकाळची सहाची दिवेलागण झाली, की तिथे रात्रीचे साडेनऊ. आजीशी फोन त्याआधीच करायचा. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मराठी घरातून तिकडे गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 साली एदोगावाच्या परिषदेवर निवडूनही आले.

'माहीत नाही' मध्ये तिने स्वतः लिहिलं : मैत्रीण मिळेल का? आम्ही ते खोडलं नाही.

मुलांशी बोलताना तीन गोष्टी आम्ही शिकलो. बातमी त्यांना घरातच कळू द्या, शेजाऱ्यांच्या आधी. खोटं आश्वासन देऊ नका. दिलेला शब्द मुलं विसरत नाहीत. आणि जायचं की नाही, हे मुलांनी ठरवायचं नसलं, तरी काही गोष्टी खरोखर त्यांच्यावर सोपवा. आमच्याकडे सामानातली एक पेटी तिची आहे. त्यात काय भरायचं, ते तीच ठरवते.

तो कागद अजून फ्रीजवर लावलेला आहे. परवा तिने 'माहीत आहे' खाली एक ओळ वाढवली : मैत्रिणींना मी स्वतः सांगितलं.