नातवाचे ताट

२०२३ सालच्या नाताळाआधीची ही गोष्ट. आमच्या चर्चमध्ये मुलांच्या नाटिकेची तालीम चालली होती. माझा आठ वर्षांचा नातू तीन राजांपैकी एक. आदल्या वर्षी मीच शिवलेला जांभळा अंगरखा पेटीतून काढून त्याच्या अंगात घातला, तर पाठीची बटणे लागेनात. बघणाऱ्या मुलांतून कोणीतरी म्हणाले, “हा राजा नाही, हा तर उंट!” सगळी मुले हसली. तोही हसला. घरी येताना मात्र माझा हात धरून म्हणाला, “आजी, यंदा मी नाटकात नाही.”

मी काय केले असेल? घरी येताच डबा उघडला आणि दोन करंज्या त्याच्या हातावर ठेवल्या. दुःखावर मला ठाऊक असलेले तेवढेच औषध होते.

ते औषध मला कोठून मिळाले, हे सांगायला हवे. १९७२ च्या दुष्काळात मी नातवाएवढीच, आठ वर्षांची होते. उदगीर तालुका त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होता. आईवडील खडी फोडायला जात, आणि आम्ही भावंडे कामावर मिळणाऱ्या सुकडीची वाट पाहत बसत असू. घरात लाल मिलोची भाकरी असे, तीही मोजून. धाकट्या भावाचे दंड काडीसारखे झाले होते. तो वाचला, पण आईच्या डोळ्यांतली ती भीती मी विसरले नाही. पुढे माझ्या घरी धान्याची कोठी कधी रिकामी झाली नाही. तरी भीती काही कोठीतून गेली नाही.

नातू जन्मला तेव्हा त्याचे वजन दोन किलो शंभर ग्रॅम होते. मी हबकले. तेव्हापासून त्याला भरवणे हेच माझे व्रत झाले. तो गुटगुटीत दिसू लागला, तसे शेजारीपाजारी कौतुक करू लागले. आपल्याकडे ‘बाळसे धरले’ हे आशीर्वादासारखे बोलतात आणि ‘वाळला’ हे दूषण देण्यासारखे. एकदोनदा सूनबाई म्हणाली, “आई, त्याला जरा कमी वाढा.” मी रागावले. “आमच्यासारखे दिवस पाहिले असतेस तर असे बोलली नसतीस,” असेही बोलून गेले. ते बोल मी आज परत घेते.

त्या नाताळानंतर सूनबाई त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी आधी उंची मोजली, मग वजन केले आणि दोन्ही तक्त्यावर मांडून पाहिले. मग विचारले, “शाळेत कसा जातो? झोपतो किती? आणि खाऊ कोण देते?” शेवटच्या प्रश्नाला मी मान खाली घातली.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी आठ वर्षांच्या ४७७ मुलांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. जन्मतः कमी वजनाची, पण आठव्या वर्षी वजनदार झालेली मुले पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या वाटेवर सर्वांत पुढे होती. तेथीलच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की आपल्याकडची बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा जन्मतः बरीच हलकी असतात; त्यांचे स्नायू कमी भरतात, चरबी मात्र फारशी कमी नसते. म्हणजे ज्या बाळाला मी अशक्त समजून भरवत होते, त्यालाच अधिक जपून वाढवायला हवे होते.

याचा अर्थ उपासमार संपली, असा कोणी घेऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. त्याच पाहणीत उंचीच्या मानाने जास्त वजन असलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मधील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलेले दिसते. दोन्ही प्रकारची मुले एकाच गल्लीत राहतात.

डॉक्टरांनी नातवाला पथ्य लावले नाही. “वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नाही. वजन आहे तेथे थांबले आणि उंची वाढली, तरी पुष्कळ झाले. पण बदल एकट्या त्याच्या ताटात नको, साऱ्या घराच्या ताटात हवा,” असे त्यांचे म्हणणे. काय वाढायचे आणि केव्हा, हे आम्ही ठरवायचे. किती खायचे, हे त्याने. ‘ताट पुसून ऊठ’ हा आमच्या घरचा कायदा मी स्वतः रद्द केला. ते मला फार जड गेले.

मग रात्रीच्या जेवणाला पुन्हा ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी आली. पाच रुपयांच्या पुड्यांऐवजी मूठभर शेंगदाणे, फुटाणे, पेरू. शीतपेये सणापुरती. जेवताना टीव्ही बंद. रोज तासभर तरी घाम येईल असे खेळणे आणि रात्री वेळेवर झोप. रविवारी मिस्सानंतर मी त्याला घेऊन उदगीरच्या किल्ल्यात जाऊ लागले. पहिल्या रविवारी आम्ही दोघेही दमलो. ‘जाड्या’ हा शब्द घरात कोणी उच्चारायचा नाही, असेही ठरले. देवणी बैलांचे माझे वडील म्हणत, “बैल चरबीवर नाही, चालीवर पारखावा.” मुलाच्या बाबतीत ते मला उशिरा कळले.

वर्षभराने वजन फारसे हलले नव्हते. उंची मात्र पाच सेंटिमीटरने वाढली होती, आणि किल्ल्यात आता तो माझ्या पुढे पळतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो, ती आजच्यापुरती. मी मात्र पन्नास वर्षे उद्याच्या दुष्काळाची भाकर आजच मुलांना भरवत आले होते.

२०२४ च्या नाताळाला मी नवा अंगरखा शिवला. या वेळी माप आधी घेतले. नाटिका संपल्यावर त्याने एक करंजी खाल्ली, दुसरी अर्धी ठेवली आणि म्हणाला, “पुरे, आजी.” उरलेली अर्धी मी डब्यात ठेवली. आग्रह केला नाही.