होतं तसं राहू द्या

१ जुलै, मंगळवार
पतसंस्थेतून घरी यायला सात वाजले. भाकरी थापल्या, जेवणं उरकली आणि बरोबर साडेआठला लॅपटॉप उघडला. मंगळवार-गुरुवार, रात्री साडेआठ ते दहा, चार महिने. मुद्रितशोधन आणि संपादनाचा हा वर्ग करायचा असं दोन वर्षं मनात होतं. दिवसभर कर्जाचे अर्ज आणि थकबाकीच्या नोटिसा वाचते, त्यांतल्या चुका दिसतात, पण 'दिसतात' यावर पोट भरत नाही. शिकून घ्यायचं होतं.

बाईंनी पहिल्याच तासाला कुठल्याशा अहवालाचं एक पान दिलं. वीस मिनिटं. पानावर एकवीस चुका पेरलेल्या होत्या, मला बारा सापडल्या. सगळ्यात मोठी चूक शीर्षकात होती, 'वार्षीक' असं, ठळक अक्षरांत. ती वर्गातल्या अकरांपैकी फक्त दोघांना दिसली.

बाई म्हणाल्या, "तुम्ही अर्थ वाचलात. अर्थ कळला की डोळा पुढे पळतो. वाचकानं तसंच वाचावं, त्याचा तो हक्कच आहे. आपण मात्र अक्षर वाचायचं." मग रीत सांगितली. ओळीखाली पट्टी धरायची. एका फेरीत एकाच जातीची चूक शोधायची. शीर्षकं, आकडे आणि नावं यांची फेरी वेगळी घ्यायची, कारण तिथे कोणी चूक शोधतच नाही.

६ जुलै, रविवार
आषाढी. खिचडी शिजत होती तेवढ्यात पेपर घेऊन पट्टी लावून बसले. गृहपाठच तो. वारीची बातमी म्हणजे शुद्धलेखनाचं अख्खं पुस्तक निघालं. 'पंढरपूर'मधला पू दीर्घ, पण 'पंढरपुरात' म्हटलं की ऱ्हस्व. 'भक्ती' एकटी असली की दीर्घ, 'भक्तिभाव' झाला की ऱ्हस्व. 'वारकरी' सरळ, 'वारकऱ्यांना' म्हटलं की तो आडवा अर्धा र येतो. एवढी वर्षं हे शब्द लिहिले आणि त्यांच्यात अशी हालचाल चालू असते हे लक्षातच आलं नव्हतं. उच्चारात मात्र ती आपण सगळेच न चुकता पाळतो. 'पंढरपूरात' असं कोणी म्हणत नाही.

१० जुलै, गुरुवार
आज गुरुपौर्णिमा, आणि तासाला तोच शब्द. 'गुरू' एकटा असला की रू दीर्घ. पौर्णिमेला जोडला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व परत येतो.

मराठी साहित्य महामंडळाचे नियम आज सलग वाचले. चौदा नियम १९६२मध्ये शासनाने मान्य केले, १९७२मध्ये आणखी चार आले, एकूण अठरा. मला वाटायचं, नियम म्हणजे पाडापाडी: 'गांव'वरचा अनुस्वार गेला, 'नांव'वरचा गेला. पण यातला एक नियम मला फार आवडला. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य यांतले उतारे छापताना ते मुळात आहेत तसेच छापायचे. त्यांना आजचे नियम लावायचे नाहीत. म्हणजे ज्यांनी दुरुस्तीचे नियम केले त्यांनीच दुरुस्ती कुठे थांबवायची तेही लिहून ठेवलं.

टेबलावर ठेवायची पुस्तकं बाईंनी सांगितली. मो. रा. वाळंबे यांचं शुद्धलेखनावरचं पुस्तक, अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश', यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश'. यास्मिनबाई 'अंतर्नाद' मासिकाच्या व्याकरण-सल्लागार होत्या. एका मासिकाला असा सल्लागार असावा असं वाटलं, याचंच मला अप्रूप. बाईंचा एक नियम अठराच्या बाहेरचा आहे: "शंका आली तर कोश बघा. शंका आली नाही तरीही बघा."

२२ जुलै, मंगळवार
खुणांचा तास. पीडीएफवर टिपा टाकून काम भागतं, तरी बाईंनी पान छापून लाल पेन हातात घ्यायला लावलं. मजकुरात खूण करायची, दुरुस्ती समासात लिहायची. काढायचं असेल तिथे काट मारून वेटोळं. घालायचं असेल तिथे खालून टोक. जोडायचं तर वर-खाली कंस, अक्षरांची अदलाबदल असेल तर दोन अक्षरांतून जाणारी नागमोडी रेघ.

शेवटची खूण सगळ्यात साधी. केलेली दुरुस्तीच चुकीची असेल तर मूळ शब्दाखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. होतं तसं राहू द्या. बाई म्हणाल्या, "ही खूण हाताला वळायला सर्वांत जास्त वेळ लागतो." ठिपके द्यायला कसला वेळ, हे मला तेव्हा कळलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
आज जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आलेला मजकूर. हे काम रोज लागणार आहे, कारण ज्येष्ठ लेखकांच्या फायली अजून जुन्या फॉन्टमध्ये असतात आणि रूपांतर करताना अक्षरं सांडतात. वेलांटी शेजारी जाऊन बसते, रफार एक घर चुकतो. आणि टंकलेखनाची जुनी सवय म्हणजे 'शुध्द'. द आणि ध यांची अदलाबदल. 'शुद्ध' हाच शब्द सर्वांत जास्त वेळा अशुद्ध लिहिला जातो. द आधी, ध नंतर: शुद्ध, पद्धत, सिद्ध, उद्ध्वस्त. रात्री झोपताना हे शब्द घोळवत पडले होते.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे र. 'आचार्यांना' म्हणजे विद्वानांना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. एक र वर चढतो, दुसरा आडवा पडतो, आणि माणसं बदलतात.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आज मन खट्टू आहे, पण लिहून ठेवायला हवं.

मागच्या आठवड्यात संपादनाचा गृहपाठ होता. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेली आठवण, कोणीतरी ऐकून उतरवलेली, तीन पानं. मी शनिवारची अख्खी दुपार तिच्यावर घालवली. 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'व्हतं'चं 'होतं' केलं. त्या म्हणत होत्या 'मी आलो', 'मी बसलो'. बाईमाणूस आहे म्हणून सगळीकडे 'आले', 'बसले' केलं. पान स्वच्छ दिसायला लागलं. मला अभिमान वाटला होता.

आज पान परत आलं. माझ्या जवळपास प्रत्येक दुरुस्तीखाली ठिपके. समासात बाईंच्या अक्षरात एकच ओळ: 'कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात. ती लिंगाची चूक नव्हे.'

माझी आत्या कोल्हापूरची. दारात चप्पल काढता काढता म्हणते, "आलो गं बाई एकदाची." आयुष्यभर ऐकलं, कधी खटकलं नाही. तेच कागदावर दिसलं आणि माझा हात लाल पेनाकडे गेला. आत्याच्याच वयाच्या त्या बाईंच्या तोंडून मी त्यांचं गाव काढून घेतलं होतं.

तासानंतर बाई थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या हातून चूक सुटली असती तर मी कमी रागावले असते. सुटलेली चूक पुढच्या वाचनात कोणाला तरी सापडते. आपण घातलेली चूक शुद्ध दिसते, ती कोणालाच सापडत नाही." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार
गौरी परवा गेल्या, घर रिकामं वाटतंय. आजच्या तासाला खिळ्यांच्या छपाईच्या काळात काम केलेले एक निवृत्त मुद्रितशोधक आले होते. निर्णयसागराची जुनी पुस्तकं त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. जावजी दादाजींनी मुंबईत घडवलेला देवनागरी टाइप. अजून त्या पानावरून बोट फिरवावंसं वाटतं.

त्यांनी सांगितलं की गॅलीत एखादा शब्द वाढवला तर कंपॉझिटरला चिमट्यानं खिळे काढून परिच्छेद संपेपर्यंत प्रत्येक ओळ नव्यानं बसवावी लागे. म्हणून ते काढलेल्या शब्दाच्या मापाचाच शब्द शोधायचे. आणि एक ओळ सुधारताना दुसरी बिघडू शकते, म्हणून दुरुस्त ओळ वाचताना आधीची आणि नंतरची ओळही वाचायचे. आज संगणक ओळी आपोआप सरकवतो, तरी तीन ओळी वाचायची सवय सोडू नका, असं बजावून गेले.

१६ सप्टेंबर, मंगळवार
पितृपक्षात चांगलं काम सुरू करत नाहीत म्हणतात, पण दिवाळी अंकांची कामं पितृपक्षातच दाराशी येतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मुद्रितशोधकाचे हेच दिवस तुंबलेले. बाईंनी माझं नाव एका अंकासाठी सुचवलं. पहिलं पैशाचं काम! कोकणातल्या एका निवृत्त गुरुजींचा लेख, लहानपणच्या घरावर, अकरा पानं.

वर्गात शिकवल्याप्रमाणे आधी यादी केली. 'मधे' की 'मध्ये', 'केलं' की 'केले', आकडे अक्षरी की अंकी. गुरुजी बोलल्यासारखं लिहितात, म्हणून 'केलं', 'मधे' तसंच राहील. संपादकांनाही ते कळवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
गुरुजींच्या फायलीत आडवा र कुठेच नव्हता. 'वार्यावर', 'पायर्या', 'शेजार्यांकडे'. जेमतेम दोन रात्री हाताशी होत्या, म्हणून सगळ्या फायलीत एका कळीनं 'र्या'चं 'ऱ्या' केलं. मग वाचताना 'मऱ्यादा' आणि 'काऱ्यालय' दिसलं आणि काळजात धस्स झालं. ते लगेच मागे फिरवलं. पण बाईंचं वाक्य आठवलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून बसले, पट्टी लावून.

चौथ्या पानावर वाक्य होतं: 'पुढे अंगण, मागे दऱ्या, मधे आमचं घर.' छान वाक्य. दोनदा याच्यावरून पुढे गेले होते. मूळ फाईल उघडली. तिथे 'दर्या'. गुरुजींना 'दऱ्या' लिहायचं असेल, तरी त्यांच्या टंकनात ते 'दर्या'च उमटणार. आणि समुद्र म्हणायचा असेल, तरी 'दर्या'च. वाक्यात क्रियापद नाही, त्यामुळे व्याकरण हात देत नाही. घर डोंगरउतारावरचं, त्यामुळे भूगोलही नाही. 'मऱ्यादा' डोळ्याला बोचली, कारण असा शब्दच नाही. 'दऱ्या' बोचली नाही, कारण ती खरी आहे, फक्त कदाचित इथली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. सकाळचं आवरून गुरुजींना फोन केला. एका शब्दासाठी फोन करायला संकोच वाटत होता.

"गुरुजी, तुमच्या घराच्या मागे दर्या होता की दऱ्या होत्या?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दर्या गो. उतार संपला की दर्याच. दिसायचा नाही, झाडं होती. पण रात्री निजलो की ऐकू यायचा." मग म्हणाले, "बरं केलंस विचारलंस. माझं लिखाण आजवर कितीदा छापून आलं, असं कोणी विचारलं नव्हतं."

फोन ठेवला आणि ते पान पुन्हा वाचलं. आता वाक्याला आवाज होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
गेल्या वर्षी आजच्याच दिवशी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली होती. सकाळपासून फोनवर शुभेच्छा येताहेत, त्यांतल्या कितीतरींत 'शुध्द मराठी' आहे. राग आला नाही. हे काम किती पडलं आहे तेवढं मात्र दिसलं.

संध्याकाळी अंकाची शेवटची मुद्रितं आली, पानं लावलेली. माझ्यानंतर आणखी एका वाचकाच्या हाताखालून गेलेली, निळ्या शाईत. नेटकं काम. माझ्या हातून सुटलेले दोन ऱ्हस्व-दीर्घ त्यानं पकडले होते, त्याचे मनात आभार मानले. चौथ्या पानावर त्यानं 'दर्या'तला र खोडून समासात आडवा र लिहिला होता. डोंगरउतारावरचं घर, मागे दऱ्या. त्याचा तर्क बरोबर होता. मीही तोच केला असता, खरं तर केलाच होता.

लाल पेन घेतलं. 'दर्या'खाली ठिपके दिले, आधीची आणि नंतरची ओळ वाचून काढली, आणि समासात लिहिलं: 'राहू द्या. लेखकाला विचारलं आहे.'