तंजावरचे जलसूत्र

वाचकहो, तंजावरचे नाव निघाले की मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम सरस्वती महाल उभा राहतो. नायक राजांनी उभारलेल्या आणि 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांच्या हाती आलेल्या त्या राजवाड्यात ताडपत्रे आहेत, मोडी दफ्तरे आहेत आणि ग्रंथांवर पुत्रवत् प्रेम करणाऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळाही आहे. तेथून बृहदीश्वराच्या मंदिरात जावे, तर प्राकाराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास वाचावयास मिळतो. इतक्या दूर आपली भाषा दगडावर भेटली म्हणजे ऊर भरून येतो.

परंतु हे सारे पाहून झाल्यावर लगेच परतीची गाडी धरू नका. या राजवाड्याचा आणखी एक वारसा आहे, तो पाहावयाचा राहून जातो. कारण तो बराचसा जमिनीखाली आहे.

आपल्याकडे पावसाचा भर आषाढ-श्रावणात असतो. तंजावरास मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. तेवढ्या दिवसांत जे साठेल, त्यावर कडक उन्हाळा काढावयाचा. म्हणून शहराच्या कर्त्यांनी मंदिराला लागून असलेला शिवगंगा तलाव मोठ्या काळजीने राखला. किल्ल्याबाहेर सेवप्प नायकाच्या नावाचा तलाव होता. पावसाचे पाणी आधी तेथे साठे, गाळ तळाशी बसे आणि निवळलेले पाणी जमिनीखालील बांधीव नाल्यांतून शिवगंगेत येई. तेथून ते वस्तीतील इतर तळ्यांकडे जाई. या नाल्यांना तेथे ‘जलसूत्र’ म्हणतात. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पेशव्यांनी आणलेले पाणी ज्यांस ठाऊक आहे, त्यांना ही योजना अनोळखी वाटणार नाही.

जलसूत्र हा शब्द किती अर्थपूर्ण आहे, पाहा! सूत्र म्हणजे दोरा. तळी हे मणी आणि नाल्या हा दोरा. दोरा तुटला की मणी कितीही घडीव असोत, माळ उरत नाही.

तंजावरास नेमके हेच घडले. नळाचे पाणी घरोघर आले, तशी तळ्यांची निकड सरली. सेवप्प नायकाच्या तलावाच्या जागी वस्ती झाली. आज ते नाव मुख्यतः एका उपनगराचे म्हणून उरले आहे. नाल्यांत माती भरली, त्यांवर घरे आणि रस्ते आले. राजवाड्याच्या पश्चिमेकडील अय्यनकुळम हे तळे कोणी बुजविले नव्हते. त्याच्याकडे येणारे पाणी मात्र थांबले होते. तळे मरते ते बहुधा असेच, काठावर काही न घडता, पाण्याची वाट दूर कोठेतरी अडल्यामुळे.

2016 साली तंजावरची निवड केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेत झाली. त्या कामात अय्यनकुळमचा गाळ काढण्यात आला, पायऱ्या दुरुस्त झाल्या. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की शिवगंगेकडून येणारी जुनी भूमिगत नाली शोधून मोकळी करण्यात आली. या दशकाच्या आरंभी कित्येक वर्षांनंतर त्या वाटेने पुन्हा पाणी आले. नवा पंप न बसविता, केवळ जमिनीच्या उतारावर!

येथे एक शंका आपल्या मनात येईल. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या असलेले तळे म्हणजे काही पक्ष्यांचे आणि माशांचे घर नव्हे. शंका रास्त आहे. बांधीव तळे विहिरींना पाणी देईल, पुराचा जोर थोडा कमी करील. पण सजीवांना उथळ काठ लागतो, चिखल लागतो, लव्हाळे आणि पाणकणीस लागते. सुशोभीकरणाच्या उत्साहात आपण नेमके हेच ‘घाण’ म्हणून उपटून टाकतो. जिवंत पाणथळ पाहावयाची असेल, तर माझ्यासमवेत राजवाड्यापासून थोडे दूर चला.

तंजावरहून मन्नारगुडीच्या रस्त्याने सुमारे 25 किलोमीटरवर वडुवूर हे गाव आहे. तेथील तलाव कोणा पक्षिप्रेमिकाने खोदलेला नाही. तो शेतकऱ्यांचा सिंचनाचा तलाव आहे. कावेरीवरील मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे जूनमध्ये उघडतात, कालव्यांचे पाणी तलावात येते, पुढे ईशान्य मोसमी पाऊस त्यास भर घालतो. आणि नोव्हेंबरपासून चमचे, शराटी, उघडचोच करकोचे, पाणकावळे, वारकरी यांची दाटी होते. पक्षी तलावावर विसावतात आणि भोवतालच्या भातखाचरांत गोगलगायी, बेडूक व किडे वेचतात. सुमारे 113 हेक्टरांचा हा तलाव 2022 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदला गेला. शेत, तलाव आणि पक्षी यांचे हे जुळलेले घर एका कालव्यावर अवलंबून आहे. कालवा आटला, तर पाटी लावून पक्षी येत नाहीत.

आता याच पाण्याच्या मागोमाग समुद्रापर्यंत जाऊ. तंजावरपासून सुमारे 65 किलोमीटरवर, पाल्कच्या उपसागराच्या काठी, सरफोजीराजांनी 1814-15 साली इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाच्या स्मरणार्थ एक उंच षट्कोनी इमारत बांधली. तिचे नाव ऐकून आपल्याला हसू येईल: मनोरा! तमिळ कोळीदेखील तिला याच नावाने ओळखतात.

या मनोऱ्यासमोरील उथळ पाण्याखाली गवताची कुरणे आहेत. हे शेवाळ नव्हे; या वनस्पतींना खरी मुळे, पाने आणि फुले असतात. त्यांची मुळे तळाची वाळू धरून ठेवतात, पाती लाटांचा जोर मंदावतात, माशांची व कोळंबीची पिले तेथे वाढतात आणि हवेतील कर्ब तळाच्या चिखलात साठून राहतो. तेथेच चरते समुद्रगाय. तमिळमध्येही तिला ‘कडल पसू’, म्हणजे समुद्रातील गाय, असेच म्हणतात. एक मोठी समुद्रगाय दिवसाकाठी 30 ते 40 किलो गवत खाते. तिच्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत सुमारे 448 चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र जाहीर केले. अशा प्रकारचे ते देशातील पहिलेच. जेथे यांत्रिक बोटींच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी कुरणे उखडली आहेत, तेथे बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोऱ्या बांधून, त्यांत गवताची रोपे अडकवून ती तळाशी लावण्याचे प्रयोग झाले आहेत. शेतकऱ्याच्या भातलावणीचीच ही समुद्रातील बहीण!

गवताला उजेड लागतो. वरून येणारे पाणी गाळ आणि मैला घेऊन आले, तर तळाशी अंधार होतो. म्हणजे शहरातील नाली, गावचा तलाव आणि समुद्रातील कुरण ही एकाच दोऱ्यातील गाठ आहे.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. 16 नोव्हेंबर 2018 रोजी ‘गज’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. पट्टुकोट्टै व पेरावुरणीच्या भागात वर्षानुवर्षे जोपासलेल्या नारळीच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. वादळ थांबविणे माणसाच्या हाती नाही. परंतु पुराचे पाणी पसरावयास तळे असणे आणि किनाऱ्याची वाळू धरावयास गवत व कांदळवन असणे, हे मात्र आहे. त्यासाठी कोळ्याला काही जागी जाळे आवरावे लागते, नाल्यावर बांधलेले घर कोणाला सोडावे लागते. हा त्याग फुकट मागता येणार नाही. पोटापाण्याची सोय करूनच तो मागितला पाहिजे, तरच तो टिकेल.

तमिळ गावांत तळ्यांचा गाळ सर्वांनी मिळून काढण्याची जुनी प्रथा आहे. तिला ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. 2017 साली राज्य सरकारने याच नावाने तळी दुरुस्तीची योजना हाती घेतली. ‘कुडि’ म्हणजे गावची माणसे, आणि ‘मरामत’ हा शब्द तर आपल्याही तोंडचा. तंजावरच्या मराठी राजांनी शिवगंगा खोदली नाही. ती त्यांना पूर्वीच्यांकडून मिळाली आणि त्यांनी ती वापरात ठेवली. वारसा सांभाळणे म्हणजे बहुतेक वेळा एवढेच.

वाचकहो, तंजावरास जाल तेव्हा ग्रंथालयाला वंदन कराच. पण अय्यनकुळमच्या पायरीवरही घटकाभर बसा. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या तळ्याकडे एकदा जा. ते कोरडे असेल, तर काठावर उभे राहून हळहळू नका. मागे वळून, त्याचे पाणी पूर्वी कोणत्या वाटेने येत असे, ते गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. ती वाट दाखविणारी माणसे अजून हयात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.