कंठातली गाठ

गेल्या माघात माझा आवाज गेला. मास्तराचा आवाज जाणे म्हणजे शिंप्याची सुई हरवणे. वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. ऐंशी मुलांचा वर्ग, खिडकीखाली रहदारीचा रस्ता, आणि वर पंख्याची घरघर. या तिघांवर मात करता करता गळा कधी दमला हे कळलेच नाही. एका सोमवारी हजेरी घ्यायला तोंड उघडले, आणि पहिल्या नावालाच जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघाला. मुले हसली. मीही हसलो असतो, पण तेही जमेना.

महिनाभर खडीसाखर आणि ज्येष्ठमध चघळून झाल्यावर कानानाकघशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घालून पाहिले. दोन्ही स्वरतंतूंवर अगदी समोरासमोर बारीक गाठी आल्या होत्या. "बोलताना हे तंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांवर आदळतात," ते म्हणाले, "आणि तुम्ही वीस वर्षे नुसते ओरडताय. दोन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. घसा तीन आठवड्यांवर बसून राहिला की आधी इकडे यायचं असतं, सर, खडीसाखरेच्या दुकानात नव्हे."

शेजारच्या काकूंचे निदान निराळे होते. त्या हल्ली योगाच्या वर्गाला जातात. "भाऊजी, तुमचं विशुद्ध चक्र अडलंय," त्या म्हणाल्या. "मनातलं काही बोलायचं राहिलं की कंठात गाठ बसते." मग त्यांनी एक निळा खडा माझ्या हातावर ठेवला. मी पाटीवर 'आभारी आहे' असे लिहिले. होय, आमच्या हिने माझ्यासाठी बाजारातून खरीखुरी पाटी-पेन्सिल आणली होती! काकू गेल्यावर आम्ही दोघे हसलो. म्हणजे ती हसली, मी खांदे हलवले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण बोलायचे राहिलेले एक होते, आणि ते मला नेमके ठाऊक होते.

चौथ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, मौनच पाळायचं तर घरात कशाला? नेवाशाला जाऊ या. इतकी वर्षं ज्ञानेश्वरी शिकवताय, तो खांब पाहिलाय का कधी?"

पाहिला नव्हता. वर्गात त्या खांबाचे वर्णन मात्र मी दरवर्षी डोळे मिटून करीत असे.

पुण्याहून अहिल्यानगरपर्यंत आणि तिथून नेवाशाच्या फाट्यापर्यंत, असा एस.टी.चा प्रवास झाला. कंडक्टरने हिला अर्धे तिकीट दिले (२०२३ पासून बायकांना ही सवलत आहे) आणि माझी पाटी पाहून सहानुभूतीने विचारले, "काकांचा दाखला आणलाय का?" ही गडबडीने म्हणाली, "अहो, ते मुके नाहीत, प्राध्यापक आहेत!" सगळी गाडी माझ्याकडे वळून पाहू लागली.

नेवासे हे प्रवरेकाठचे गाव फार जुने आहे. १९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासूनच्या वस्तीच्या खुणा मातीतून वर आल्या. पण गावाची स्वतःची कथा त्याहूनही मागे, थेट समुद्रमंथनापर्यंत जाते. मोहिनीने देवांना अमृत वाढले ते इथेच, असे गावकरी सांगतात. मोहिनीराजाचे सुंदर दगडी देऊळ होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात उभारले. देवळातल्या एका आजोबांनी आम्हाला बसवून घेऊन गोष्ट ऐकवली. राहू वेष पालटून देवांच्या पंक्तीत बसला, अमृत त्याच्या गळ्यापर्यंत उतरले, तेवढ्यात चोरी उघडी पडली आणि चक्राने गळा कापला गेला. शिर पडले ते राहुरी, काया पडली ते कायगाव.

"दुसऱ्याच्या वाट्याचं प्यायला बसला, म्हणून गळ्यातच अडकलं बघा," आजोबा सहज म्हणाले. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. हिने ते पाहिले, पण काही विचारले नाही.

दुपार कलल्यावर आम्ही खांबापाशी गेलो. पूर्वी इथे करवीरेश्वराचे देऊळ होते. ते गेले, खांब राहिला. देवाच्या दिव्याला तेल मिळावे म्हणून केलेल्या दानाचा लेख त्यावर कोरलेला आहे. आता भोवती मोठे मंदिर आहे, पण खांब तसाच, साधा आणि ओबडधोबड. याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर मराठीत निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरून घेतले, अशी श्रद्धा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा काळ ग्रंथातच नोंदलेला आहे. माझ्या मनात आले, हा ग्रंथ आधी लिहिलेला नाही, बोललेला आहे. नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या एका कंठातून निघाल्या आणि समोर बसलेल्यांच्या कानी पडल्या.

लोक याला 'पैस' म्हणतात. पैस म्हणजे विस्तार, अवकाश. आपण 'ऐसपैस' म्हणतो त्यातला. दुर्गाबाई भागवतांच्या 'पैस'ला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि याच दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, सत्ताधारी समोर असताना, आणीबाणीविरुद्ध स्पष्ट बोलल्या. पुढे त्याची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली.

आता काकूंच्या चक्राकडे वळतो. सोळाव्या शतकातल्या पूर्णानंदांच्या 'षट्चक्रनिरूपण' या ग्रंथात कंठस्थानी विशुद्ध चक्र सांगितले आहे. त्याला सोळा पाकळ्या, तत्त्व आकाश, बीज 'हं'. शवविच्छेदनात हे कमळ सापडत नाही. ते ध्यानासाठी काढलेले चित्र आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन करताना ज्ञानदेवांनी हनुवटी कंठाच्या खळगीत रुतवण्याचा जालंधर बंध सांगितला आहे. तो लेख वाचून करू नये, जाणत्याकडून शिकावा. पण चित्र काढणाऱ्याने त्या सोळा पाकळ्यांवर काय लिहिले, ते पाहण्यासारखे आहे. 'अ'पासून 'अः'पर्यंतचे सोळा स्वर! व्यंजनाला उच्चारासाठी स्वराचा आधार लागतो, स्वर मात्र स्वतःच्या बळावर उभा राहतो. कंठाची शुद्धी म्हणजे मोठा आवाज नव्हे. आपला स्वर आपण उच्चारणे, आणि दुसऱ्याचा त्याचा त्याला ठेवणे. मराठी माणसाला गीता त्याच्या स्वतःच्या स्वरात मिळाली ती इथे.

वाचकहो, हा शेवटचा विचार तुम्हाला आवडला असेल, तर सांगायला हवे की तो माझा नाही. तो माझ्या एका विद्यार्थिनीचा आहे. एम.ए.च्या निबंधात तिने तो मांडला होता. दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी तो माझा म्हणून बोललो. टाळ्या पडल्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. चहाच्या वेळी ती समोर आली, तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या निबंधाचा उल्लेख राहिलाच बघ." ती म्हणाली, "असू द्या, सर." राहिला नव्हता, मी ठेवला नव्हता. वृत्तांत छापून आला, त्यातही तो माझ्याच नावावर होता.

खांबापाशी बसून मी हे सगळे पाटीवर लिहिले. पाटी लहान, म्हणून तीनदा पुसावी लागली. हिने वाचले आणि पाटी परत देत म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? तिला सांगा."

मौन संपल्यावर डॉक्टरांनी दिवसाला दहा मिनिटे बोलायची परवानगी दिली. पहिली दहा मिनिटे मी त्या मुलीसाठी ठेवली. ती आता एका शाळेत शिकवते. माझा घोगरा आवाज तिला आधी ओळखताच आला नाही. मी जे होते ते, कारणे न सांगता, सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, ती पुन्हा 'असू द्या, सर' म्हणेल.

ती म्हणाली, "सर, मग हे छापून येईल का?"

तिच्या कंठातलीही गाठ तेव्हा सुटली असावी. मी संपादकांना पत्र लिहिले आणि पुढच्या अंकात दुरुस्ती आली. शिक्षकांच्या खोलीत चार दिवस मी आत शिरलो की बोलणे थांबत असे. एका सहकाऱ्याने तर विचारले, "एवढं लिहून द्यायची काय गरज होती?" उत्तर सोपे होते, पण दहा मिनिटे जपून वापरायची होती.

आता मी बेताने बोलतो, वर्गात ध्वनिक्षेपक लावतो, तासाला दोनदा पाणी पितो. गाठी बऱ्याच विरल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, विश्रांतीचा गुण. काकू म्हणतात, निळ्या खड्याचा. ही काहीच म्हणत नाही. पाटी मात्र तिने धुऊन, पुसून फळीवर जपून ठेवली आहे.